शेवटचं प्रकरण दुकानात आहे

वन्सं,

तुम्ही वरच्या मजल्यावर, मी खाली, तरी पत्र लिहितेय. हल्ली तुम्ही पाटीवर लिहून बोलता आणि मी तोंडाने; त्यात माझंच फावतं. कागदावर निदान बरोबरी होईल.

मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा तुम्ही बस-स्थानकावर गाड्या पुकारत होता. काचेची एवढीशी खोली, एक माइक, एक पंखा आणि तोही घोषणेच्या वेळी बंद ठेवायचा. सारं गाव तुमचा आवाज ओळखायचं, पण रोजची भाजीवाली तुम्हाला ओळखायची नाही. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचात, "सगळ्यांना गाडीत बसवून दिलं, माझीच तेवढी चुकली." मला कधी त्यावर हसू आलं नाही.

तुमच्या भावाची नजर गेली आणि वाचून दाखवायचं काम तुमच्याकडे आलं. मी पुस्तक उघडलं की हे लगेच म्हणत, "तू बिल वाचल्यासारखं वाचतेस. ताईला बोलव."

मग तुमच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढायचं ठरलं. यांची आवडती, समुद्रावरची ती जाडजूड कादंबरी तुम्ही लॅपटॉपवर बोलून ठेवायला घेतलीत. एकेक प्रकरण एका दमात. मी म्हणायचे, मध्ये थांबा, सेव्ह करा. छे! "वहिनी, सुरू झालेली घोषणा मध्ये तोडत नाहीत. प्रवासी गोंधळतात." अहो, घोषणा मिनिटाची असते. शेवटचं प्रकरण दुपारभर चाललं होतं.

आणि शेवटची पानं उरली असताना पडदा गोठला. बाण हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे जाईना.

"बटण दाबून बंद करा नि परत लावा," मी म्हटलं.

"हात लावू नका! सगळं जाईल, वहिनी."

यांनी चाचपडत लॅपटॉपवर तळवा ठेवला. "पंखा फिरतोय. ऊब आहे."

"पेशंट आहे का तो?" मी म्हटलं. बोलून गेले खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात कोणाला जायचं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं.

वाट पाहिली. ऊब वाढत वाढत चटका बसायला लागला. शेवटी हेच म्हणाले, "ताई, मी दाबतो. गेलं तर माझ्या माथी." बटण दाबून धरलं. पंखा थांबला आणि घर एकदम मुकं झालं. पुन्हा दाबलं तर एक दिवा लागला, विझला. चार्जर बदलला, दुसऱ्या खोलीत लावून पाहिलं. पडदा काळा तो काळाच.

मी पिशवीत घालून दुकानात नेला. दुरुस्तीवाल्याने मागची बाजू उघडली. "बोर्ड गेलाय. डिस्क शाबूत असली तर कळवतो. घाई करू नका, काकू." हे मला सांगत होता!

घरी येऊन मी फोन तुमच्यापुढे धरला. निदान शेवटची पानं तरी यावर वाचा. दोन ओळी झाल्या आणि खोकल्याने तुम्हाला वाकवलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं. तेव्हा हे म्हणाले, "ताई, पुस्तक मरू दे. गाडी पुकार."

तुम्ही पाठ ताठ केलीत. पदर सारखा केलात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. माझ्या धाकट्या भावाला घेऊन निघालेली गाडी थोड्याच वेळात घरी पोहोचत आहे. त्याला उतरवून घ्यायला त्याची ताई फलाटावर उभी आहे." आवाज फाटका होता, पण एक शब्द अडखळला नाही. हे हसत होते आणि डोळे पुसत होते. मी फोनवर रेकॉर्डिंगचं बटण पुन्हा शोधेपर्यंत तुम्ही त्यावर हात ठेवलात. "नको वहिनी. हे त्याच्यापुरतं."

तुमचे टाके सुकले तसा दुकानातून फोन आला. आवाज सापडलाय, तुकडे होते, जोडलेत, घेऊन जा. मी पिशवी उचलली, तर तुम्ही पाटीवर लिहिलंत, "मीही येते. आधी मी ऐकणार, मग त्याला." बरोबर आहे. आवाज तुमचा, हक्क तुमचा.

एकदा तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि गुडघा दुखतो म्हणून फिरलात. एकदा चपला घालून पायरीवर नुसत्या बसून राहिलात. दोन्ही वेळा मी पिशवी परत खुंटीला अडकवली.

हे रोज चहाला विचारतात, "आणलं?"

मी सांगते, "ताई तयार झाल्या की जाऊ."

पिशवी दारामागच्या खुंटीलाच आहे, वन्सं. पावती तिच्यातच आहे.