तोंडानं सांगा, व्हडलीबाय

पोर तापानं फणफणलं होतं. माझ्या खांद्यावर मान टाकलेली, डोळे मिटलेले. चार वर्षांची वैजू. बालवाडीत सकाळपासून गप्प होती, मग ओकली. मी तिला उचलली आणि शेताच्या मेरेवरून, बांधावरून, जवळजवळ धावतच भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घराकडे निघाले.

बाल्कांवात, पुढच्या ओटीवर, तिची आजी बसली होती. गावात सगळे तिला व्हडलीबाय म्हणत. मी पायऱ्यांपाशी थांबले. म्हटलं, पोरीला ताप आहे, घ्या.

तिनं हात पुढे केले नाहीत.

"थंय ठेव. खाली."

खाली म्हणजे अंगणात. मी ठेवली. वैजूला उभं राहवेना. ती बसली, मग जमिनीवर आडवी झाली. म्हातारी विहिरीवरून भरलेला कळसा घेऊन आली आणि पोरीच्या डोक्यावर ओतला. दिवाळी होऊन गेली होती, पाणी गार होतं. वैजू रडलीसुद्धा नाही. श्वास अडकल्यासारखा एक आवाज आला, तेवढाच. मग दुसरा कळसा. मग ओला फ्रॉक काढून बाजूला टाकला, पोरीला पदरात गुंडाळलं आणि आत नेलं.

माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या पोलक्याला पोरीच्या तापाची ऊब अजून होती.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "येतंय बाय." रिकाम्या बाल्कांवाला म्हटलं. आणि परत आले.

हे सांगताना आजही माझे दात आवळतात.

आम्ही त्या गावचे महार. सरळ सांगते. भाषणात त्याला दुसरे शब्द आहेत. गावात हाच होता. धारगळच्या हमरस्त्यापासून आत गेलं की आधी भाटकाराची आणि वरच्या जातींची घरं, मग देऊळ, मग शेतं, आणि शेतांच्या पलीकडे आमचा वाडा, आमची वस्ती. आमचं घर भाटकाराच्या भाटात, माडांच्या बागेत. आईचा जन्म त्यांच्या गोठ्यात शेण काढण्यात गेला. तिला तिथे चहा मिळे, तो करवंटीत. ती करवंटी गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलेली असे. मी लहानपणी त्या करवंटीतला उरलेला चहा प्यायले आहे. गोड लागायचा.

मी पेडण्याला चालत जाऊन मॅट्रिक झाले. मग म्हापशाला बालवाडीचं शिक्षण घेतलं. गावात बालवाडी मंजूर झाली तेव्हा भाटकारानं आपलं काजूचं जुनं कोठार दिलं आणि वर बापाच्या नावाची पाटी लावली. गावाला बालवाडी हवी होती. मी नको होते. पण नेमणूक सरकारची. काही बोलता येईना.

बालवाडीच्या बाईचं काम काय, तर लोकांना वाटतं, गाणी शिकवायची. गाणी असतातच. पण खरं काम हातांचं. पहिल्या दिवशी आईच्या पायाला मिठी मारलेलं पोर सोडवून घ्यायचं आणि ते लाथा मारत असताना छातीशी धरायचं. शेंबूड पुसायचा. चड्डीची नाडी बांधायची. कोणी चड्डीत केलं की मागे नेऊन धुवायचं, दुसरी चड्डी घालायची, आणि ते पोर लाजू नये म्हणून काहीतरी गंमत सांगायची. झोप आली की मांडीवर घ्यायचं. दिवसभर कोणीतरी साडीचा पदर धरून मागे असतंच. मला ते काम आवडायचं. आजही आवडतं.

पण जेवण शिजवायला दुसरी बाई, कुळवाड्यांतली, शेतकरी जातीची. वाढायचं तिनं. भरवायचं तिनं. कोणी तसं लिहून दिलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी एका पोराच्या तोंडात उसळीचा घास घातला, तर दुसऱ्या दिवसापासून ते पोर आलं नाही. मी समजले. त्यांचं ढुंगण माझ्या हातानं धुतलेलं चालतं. घास चालत नाही.

वैजूला घरी पोहोचवून आले त्या दिवशी मी त्या स्वयंपाकाच्या बाईला सगळं सांगितलं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. ती भांडी घासत होती, ती घासतच राहिली. म्हणाली, वरच्या घरांतून सगळीच पोरं रोज बालवाडीतून गेली की आधी विहिरीवर. काही घरी अंघोळ, काही घरी नुसतं शिंपडणं. तुला माहीत नव्हतं?

नव्हतं. इतकी वर्षं नव्हतं. मी ज्या पोरांचे मुके घेत होते, ती दुपारी माझ्यापासून धुऊन काढली जात होती.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई म्हणाली, सोस. पगार सरकारचा असला तरी पायाखालची जमीन त्यांची. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचे हात शेणानं कायमचे पिवळट झाले होते. त्या हातांचा मला राग आला. मग कळलं, राग हातांचा नाही.

तेव्हा गोव्यात भाषेचं भांडण पेटलेलं होतं. भिंती रंगल्या होत्या. कोंकणी की मराठी, घटक राज्य की नाही. गावात सभा व्हायच्या. वैजूचा बाप, भाटकार श्रीधरबाब, चांगला बोलायचा. भाषा म्हणजे आई, म्हणायचा, आणि आपण सगळी तिची लेकरं. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्या वाड्यातले लोकही मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे. मीही एकदा वाजवल्या. आमच्या तोंडात भाषा कोणती असावी यावर रान पेटलं होतं. त्या तोंडात घास कोणी घालायचा, यावर कोणी सभा घेतली नाही.

वैजू पुष्कळ दिवस आली नाही. आली तेव्हा मान बारीक झालेली, डोळे मोठे. मी दारातच खाली वाकले, हात पसरले. रोज ती पळत येऊन अंगावर पडायची. त्या दिवशी ती थांबली. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माका आपडू नकात बाई," ती म्हणाली. "मगे आजी थंड पाणी घालता."

आपडणं म्हणजे शिवणं. ती चिडून बोलली नाही. विनवत होती. चार वर्षांचं पोर मला सांभाळून घेत होतं, आणि स्वतःलाही.

माझ्यात काहीतरी तुटलं असं मी म्हणणार नाही. तुटलं नाही. जागं झालं. इतकी वर्षं ते आत निजलेलं होतं, माझ्या आईनं थोपटून निजवलेलं.

मी उठले. म्हटलं, "नाही आपडत."

दुपारी आया आणि आज्या पोरांना न्यायला आल्या. मी दारात उभी राहिले आणि वरच्या घरांतल्या बायकांना थांबवलं. शांतपणे सांगितलं की माझ्यामुळे तुमच्या पोरांना रोज अंघोळ घालावी लागते असं कळलं. पोरं आजारी पडतात. तेव्हा उद्यापासून मी त्यांना हात लावणार नाही. गाणी शिकवीन, गोष्टी सांगीन, लांबून. पुसायला, धुवायला, उचलायला प्रत्येक घरातून एक बाई इथे बसू दे.

 एकीनं पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. पोरं तेवढी पाठवली. त्यांना वाटलं मी विसरेन. दहा वाजायच्या आत एका पोरानं चड्डीत केलं. मी आमच्या वाड्यातल्या एका बाईला त्याच्या घरी पिटाळलं. निरोप असा, तुमच्या पोरानं केलंय, बाई हात लावत नाहीत, या. त्याची आई कामावर होती. आजोबा आले, चालत, धोतर सावरत. नातवाला मागे घेऊन गेले. त्यांना येत नव्हतं. पाणी सगळीकडे उडालं. मी खिडकीतून बघत होते आणि मुलांना मोराचं गाणं म्हणून दाखवत होते. माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला.

मग यायला लागल्या. वैजूची आई बँकेत नोकरीला, म्हणून व्हडलीबायलाच यावं लागलं. जमिनीवर चटया. खुर्ची एकच, ती बाईची. म्हातारी पहिल्या दिवशी उभीच राहिली, मग पाय दुखले, मग बसली. खाली. मी खुर्चीवर. तिच्यासमोर मी एकेका पोराला नाव घेऊन हाक मारली. आमच्या वाड्यातल्या पोरांना, सिंधुदुर्गातून कामाला आलेल्या मजुरांच्या पोरांना मी कडेवर घेतलं, त्यांची नाकं पुसली, त्यांना घास भरवले. तिच्या डोळ्यांसमोर. वैजू माझ्याकडे बघायची आणि आजीच्या लुगड्याला धरून बसायची. तिच्यासाठी जीव तुटायचा. तरी मी हात लावला नाही. तिचं नुकसान झालं हे मला माहीत आहे. ते कोणी केलं हेही माहीत आहे.

तक्रार गेलीच. पेडण्याहून मुख्यसेविका आली. आमच्या कामाची तपासणी करणारी बाई, करडी पण सरळ. तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, मुलांना हात लावत नाहीस असं कळलं, खरं का? मी म्हटलं, खरं. का? मी म्हटलं, ते मी नाही सांगणार, यांना विचारा. मी व्हडलीबायकडे बोट केलं. आमच्या वाड्यातलं बोट तिच्याकडे कधी झालं नव्हतं.

मुख्यसेविका तिच्याकडे वळली. म्हातारी खाली बघायला लागली.

मी खुर्चीवरून उठले. "तोंडानं सांगा, व्हडलीबाय," मी म्हटलं. "माझा हात लागल्यावर पोरीवर पाणी का ओतता? तापातल्या पोरीवर का ओतलं?"

तिचं तोंड उघडलं, मिटलं. बाजूला बसलेल्या बायका भिंतीकडे बघू लागल्या. जे त्या रोज करत होत्या, ते सरकारच्या माणसासमोर बोलता येत नव्हतं. कायदा होता ना. करायला कायदा आड येत नव्हता, बोलायला येत होता. मी थांबले. मला घाई नव्हती. ती जितका वेळ गप्प बसली, तितका वेळ मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. आईची करवंटी, माझं ते "येतंय बाय", सगळं त्या गप्प बसण्यात मी वसूल केलं. पुरतं नाही. थोडं.

मुख्यसेविकेनं काय ते ओळखलं. तिनं अहवालात काय लिहिलं मला ठाऊक नाही. मला काढलं नाही, एवढं खरं. पण श्रीधरबाबनं कोठार परत मागितलं. काजू ठेवायला जागा हवी, म्हणाला. काजूचा हंगाम अजून लांब होता.

बालवाडी आमच्या वाड्यात आली. माझ्या भावांनी माटव घातला, वर माडाची झापं. पावसाळ्याआधी कौलं आली. वरच्या घरांतली पोरं आधी आली नाहीत. मग एक आलं. मग आयांना कामावर जायचं होतं, आज्यांना कंटाळा आला, एकेक पोर शेतं ओलांडून आमच्याकडे यायला लागलं. मी आयांना एकच अट सांगत होते. इथे मी भरवणार. पटत असेल तर ठेवा. ठेवली.

वैजू आली नाही. तिला म्हापशाला मावशीकडे पाठवलं. तिथे इंग्रजी शाळेत घातली. भाषा म्हणजे आई, ती गावातल्या पोरांसाठी.

मग घटक राज्य झालं. देवळासमोर मांडव, पताका, लाडू. श्रीधरबाब आमच्या वाड्यापर्यंत आला. फणसाखाली उभा राहिला, पुढे आला नाही. गावातर्फे माझा सत्कार करायचा, शाल द्यायची, म्हणाला. झालं गेलं सोडून द्यायचं, आता आपलं राज्य.

मी म्हटलं, "बाब, शाल तुम्ही माझ्या अंगावर घालणार की हातात ठेवणार?"

तो फणसाखालूनच परत वळला. मी गेले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी व्हडलीबाय वारली. रीतीप्रमाणे आमच्या वाड्यात निरोप आला, लाकडं तोडायला माणसं पाठवा. पिढ्यान्‌पिढ्या आमचेच लोक जात. त्यांच्या चितेला आमचीच कुऱ्हाड. माझे भाऊ उठले, कोयता-कुऱ्हाड घेतली, सवयीनं. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, आज कोणी जाणार नाही. मोठा भाऊ म्हणाला, मेलेल्या माणसाशी कसलं वैर. मी म्हटलं, मेली म्हणून तिनं केलेलं धुऊन निघत नाही. आई ओटीवर बसली होती. मला वाटलं ती म्हणेल, सोस. ती उठली, भावाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि आत नेऊन ठेवली. 

त्या दिवशी श्रीधरबाबनं स्वतः लाकडं फोडली. चुलतभाऊ मदतीला आले. दुपार टळून गेली तरी प्रेत अंगणातच होतं. टाण टाण आवाज शेतांवरून आमच्या वाड्यापर्यंत येत होता. आम्ही तो ऐकला. सगळ्यांनी, पोराबाळांसकट.

त्यानंतर आमचा एकही माणूस त्या कामाला गेला नाही. जाणारही नाही. पोरं हाताशी आली की मी त्यांना सांगते, गोष्ट म्हणून नव्हे, नावं घेऊन सांगते. कोणाच्या अंगणात, कोणी, कोणावर. ज्यांची नावं घेते त्यांच्या नातवंडांनाही सांगते, ती माझ्याकडेच येतात. लोक म्हणतात, पोरांच्या मनात विष कशाला कालवता. मी म्हणते, विष तुमचं. मी फक्त बाटलीवर नाव लिहिते.

माफी मागायला अजून कोणी आलेलं नाही. आलं, तर मी ऐकून घेईन, बसायला चटई देईन. माफी देणार नाही.