दोन मतांचा उन्हाळा

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या शाळेत पहिल्या तीन वर्षांत मी वर्गात जेवढं बोलले, ते सगळं एका फुलस्केप पानावर मावलं असतं. बाबांच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून तिथं गेलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पुण्याच्या शाळेत 'किती शांत मुलगी' म्हणून माझं कौतुक व्हायचं. तिकडे शांत मुलीचे मार्क कापतात. म्युंडलिश म्हणजे तोंडी मार्क असतात, पण ती परीक्षा नसते. रोज तासाला हात वर करून काहीतरी बोलायचं, त्याचे ते मार्क. बरोबरच बोललं पाहिजे असंही नाही. माझ्या शेजारी बसणारी मुलगी बिनधास्त वाट्टेल ते ठोकून द्यायची आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. मी जळायचे तिच्यावर, खोटं कशाला बोलू!

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी दोन विषय खोलात शिकायला निवडावे लागतात. त्याला लाइस्टुंग्सकुर्स म्हणतात, आठवड्याला पाच तास. मी इंग्रजी घेतलं आणि दुसरं पोवी, म्हणजे राज्यशास्त्र आणि थोडं अर्थशास्त्र. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्या लेखी फिजिक्स सोडून बाकीचे सगळे विषय म्हणजे छंद. मला वकील वगैरे व्हायचं होतं असं काही नव्हतं. पण आठवडाभरात त्या एकाच तासाला माझ्या डोक्यात उत्तरं धडाधड यायची. ती बाहेर पडायची नाहीत, हा भाग वेगळा. मला तो कोर्स हवा होता. फार हवा होता.

पोवीचे सर सावकाश बोलायचे, परक्या मुलांशी तर जास्तच सावकाश, त्याचा मला राग यायचा. सुट्टी लागायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तू लिहितेस छान," ते म्हणाले, "पण तुझं कशावर काही मायनुंग आहे का, ते मला वर्षभरात कळलं नाही." मायनुंग म्हणजे एखाद्या गोष्टीवरचं आपलं म्हणणं. त्यांच्या समोर कोर्सची यादी होती आणि त्यात माझं एकटीचं नाव पेन्सिलनं लिहिलेलं होतं. ठरलं ते असं: सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात मी वर्गापुढे जर्मनीच्या निवडणूक पद्धतीवर दहा मिनिटं बोलायचं. जमलं तर नाव शाईनं, नाही तर खोडणार. खोडलं तर फिजिक्स, असं बाबांनी घरी जाहीर करून टाकलं.

त्याच उन्हाळ्यात आजोबा, बाबांचे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर कराडहून आले होते. ते आल्यापासून आई बाबांना नावानं हाक मारायची बंद झाली आणि घरात 'अहो' सुरू झालं. बाबा ते ऐकून दर वेळी थोडे दचकायचे. आजोबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. आपल्याकडे नागरिकशास्त्राची काय किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकाच्या शेवटी जोडलेली चार पानं, वीस मार्क, परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकायचं. त्या विषयाला इथं आठवड्याचे पाच तास आहेत हे ऐकल्यावर आजोबा खुर्चीत ताठ बसले. "पाच?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मग आईला म्हणाले, "सूनबाई, एक कोरी वही आहे का घरात?"

त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तिका मोठ्यानं वाचायच्या, मराठीत अर्थ सांगायचा, आणि त्यांनी त्याला नीट पाठ्यपुस्तकातला शब्द द्यायचा, अशी आमची पद्धत पडली. वहीत डावीकडे देवनागरीत जर्मन शब्द, उजवीकडे त्यांच्या वळणदार अक्षरात मराठी. बुंडेसटाग: लोकसभा समजावी. बुंडेसराट: राज्यसभा, पण पुरती नव्हे. श्टिमं: मत. वालक्राइस: मतदारसंघ. मायनुंग: मत. ज्या पक्षाला पाच टक्के मतं नाहीत त्याला सहसा संसदेत जागा नाही, या नियमाला त्यांनी 'पाच टक्क्यांचा उंबरठा' असं नाव दिलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागितला.

सगळ्यात जास्त त्यांना आवडली ती दोन मतांची भानगड. तिथं प्रत्येक मतदाराच्या मतपत्रिकेवर दोन फुल्या असतात, एक आपल्या मतदारसंघातल्या माणसाला, दुसरी पक्षाला. "एकाच माणसाला दोन मतं?" आजोबा म्हणाले. "मग शाई किती बोटांना लावतात?" मी सांगितलं की शाई लावतच नाहीत. त्यांचा विश्वास बसेना. शिक्षक असल्यामुळे त्यांना दर निवडणुकीला ड्यूटी लागायची आणि बहुतेक वेळा शाई लावायचं काम त्यांच्याकडेच यायचं. किती गावांतल्या किती लोकांच्या डाव्या तर्जनीवर त्यांनी रेघ ओढली असेल, देव जाणे. "नखापासून सुरू करून कातडीवर आणायची," ते मला बजावून सांगायचे, जणू मलाच उद्या केंद्रावर जायचं होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात निवडणूक होती, त्यामुळे दिव्याच्या प्रत्येक खांबाला पोस्टर होतं. आम्ही सकाळी कुरपार्क नावाच्या बागेत फिरायला जायचो, तिथं झाडाखालच्या एका बाकावर बसून ते माझ्याकडून पाठ म्हणवून घ्यायचे. पोस्टरं त्यांना अजिबात पसंत नव्हती. "निशाणी कुठाय? नुसता माणसाचा चेहरा बघून मत द्यायचं काय?" आमच्या घरासमोरच्या खांबावर एक बाई हसत असायच्या आणि खाली लिहिलेलं असायचं की तुमचं मत मोलाचं आहे. मी रोज शाळेची पिशवी घेऊन... नाही, सुट्टी होती, दूध आणायला निघाले की ते वाचायचे. घरात आम्ही चौघं, आणि त्या बाईंना मत देऊ शकेल असं एकही माणूस नाही, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते बहुतेक त्या दुधाच्या फेऱ्यांमध्ये.

आजोबांची शिकवण्याची रीत एकच, पाठांतर. दहा मिनिटांचं भाषण मी लिहिलं, शब्दकोश घेऊन तीनदा दुरुस्त केलं आणि मग महिनाभर घोकलं. ते डोळे मिटून ऐकायचे. भाषा कळत नसूनही कुठं अडखळले की लगेच बोट वर. "परत. पहिल्यापासून." बाबा एकदा म्हणाले की अण्णा, तिला समजून बोलू द्या. आजोबा म्हणाले, "आधी पाठ होऊ दे. समज कुठं पळून जाते?" शेवटच्या आठवड्यात मी ते भाषण भांडी विसळताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा म्हणू शकत होते. आजोबांना पक्की खात्री होती की पोरगी मैदान मारणार. मलाही होती.

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. आजोबा म्हणाले, मी बागेतल्या आपल्या बाकावर बसतो, सुटलीस की तिकडेच ये. सरांपुढे यादी होती, नाव अजून पेन्सिलनं. पहिली दोन मिनिटं मी आगगाडीसारखी गेले. मग दोन मतांचा भाग आला. मी मोठ्यानं, स्पष्ट म्हटलं की जर्मनीत प्रत्येक मतदाराला दोन मायनुंग असतात.

कुणीतरी फिसकन हसलं. मला कळलं नाही. मी पुढे म्हणाले, पहिलं मायनुंग आपण उमेदवाराला देतो, दुसरं पक्षाला. आता सगळा वर्ग हसत होता. "फक्त दोनच?" मागून एक जण म्हणाला. लिहिलेल्या भाषणात शब्द बरोबर होता, श्टिमं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आला तो वहीचा उजवा रकाना, आणि तिथं दोन्ही शब्दांसमोर आजोबांच्या अक्षरात एकच शब्द होता. मत. आपल्याकडे पेटीत टाकतात तेही मत आणि चारचौघांत मांडतात तेही मत. तिकडे त्याचे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मी एकाच्या जागी दुसरा ठेवून मोकळी झाले होते.

घोकलेल्या गोष्टीचं एक असतं. मधली कडी निसटली की पुढचं सगळं गेलंच. महिनाभराचं भाषण साफ उडालं. सरांनी वर्गाला गप्प केलं आणि अगदी सावकाश विचारलं, "बरं. येत्या निवडणुकीत तू असतीस तर काय केलं असतंस?"

मनात पटकन मराठीत आलं, मला मतच नाही. आणि तोंडातून जर्मनमध्ये आलं, "माझं मायनुंग नाही."

सरांनी मान हलवली, जणू हे ऐकायचीच वाट बघत होते, आणि त्यांची नजर खाली यादीकडे गेली. ती नजर बघून माझं डोकं फिरलं. तसं मी कधी कुणाशी मोठ्या आवाजात बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "नाही! चुकलं. श्टिमं नाही मला. मायनुंग आहे!"

मग जे आलं ते आलं. सगळे प्रत्यय चुकत होते, डेर-डी-डासचा, म्हणजे शब्दांच्या लिंगांचा, पार चोळामोळा झाला होता, पण मी थांबले नाही. माझे बाबा तीन वर्षं तुमच्या देशात काम करतात, आमच्या दारासमोरचं पोस्टर मला रोज सांगतं की तुमचं मत मोलाचं आहे. कुणाचं? दोन वर्षांनी तुम्हा सगळ्यांना घरपोच पत्र येईल, मला येणार नाही. मला मत मिळेल ते अशा गावात, जिथं मी राहत नाही. माझ्या बाकावरची ती बिनधास्त मुलगी म्हणाली, मग इथली नागरिक हो की! मी म्हटलं, त्यासाठी आधीचा पासपोर्ट परत द्यावा लागतो, तू दिला असतास? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना विचारून सांग. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी वेगळं हसला, आणि आम्ही दोघी तास संपेपर्यंत भांडत राहिलो. पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.

घंटा झाल्यावर सरांनी खिशातून पेन काढलं आणि माझं पेन्सिलीतलं नाव सावकाश शाईनं गिरवलं. "निवडणूक पद्धत अजून राहिली आहे," ते म्हणाले. "ती पुढच्या आठवड्यात, कागद न बघता आणि पाठ न करता."

आजोबा बाकावर वही मांडीवर घेऊन बसले होते. "सगळं आठवलं ना?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी म्हटलं, सगळं विसरले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला तिथंच रडू आलं. मग शेजारी बसून मी पहिल्यापासून सांगितलं, हसण्यासकट, भांडणासकट, शाईसकट. त्यांनी वही उघडली, दोन्ही शब्द शोधून काढले आणि बराच वेळ बघत बसले.

"इतकी वर्षं शिकवलं मी हे," ते म्हणाले. "त्या पोरांना मत कसं द्यायचं ते सांगितलं. तुमचं मत काय, असं एकालाही कधी विचारलं नाही गं."

मग त्यांनी खिशाचं बॉलपेन काढलं. "डावा हात दे."

मी दिला. त्यांनी माझी तर्जनी धरली आणि नखापासून सुरू करून कातडीवर एक रेघ ओढली.

"खरी असती तर महिनाभर गेली नसती," ते म्हणाले. "आज हिच्यावर भागव."