धनेशची पर्मनंट नोकरी

झेंडूचं तोरण अर्धं ओवून झालं होतं, तेवढ्यात धनेश दारात आला. आज खंडेनवमी. चाकणच्या कारखान्यातली यंत्रांची पूजा दाखवायला तो भावी सासऱ्यांना, चऱ्होलीच्या अर्जुनरावांना, घेऊन गेला होता. इतक्या लवकर परतला म्हणून मी विचारलं, "झाली का रे पूजा?"

"अर्जुनकाकांना गेटवरूनच माघारी पाठवलं, काकू. घरच्यांना आत न्यायचा पास फक्त पर्मनंट लोकांना. मी म्हटलं, पास घरी राहिला. त्यांना खरं वाटलं."

मग खाली बघत म्हणाला, "मी पर्मनंट नाही."

धनेश आमच्या शेजारचा. वडील गेल्यावर आईला घेऊन बीडकडून चिंचवडला आला. दुसऱ्याच्या दारातला जिनाही झाडणारा मुलगा. कंपनीत सहा-सात महिने काम, मग 'ब्रेक' म्हणून घरी बसायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच काम, हे त्याने आज सांगितलं. ब्रेकमध्येही डबा घेऊन निघायचा आणि पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत पार्सलं पोचवायचा. आम्हाला वाटायचं, शिफ्टला गेला.

"मग मी विचारलं तेव्हा हो का म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत, 'पर्मनंट आहेस ना?' नाही म्हटलं असतं, तर स्थळ सुचवलं असतंत?"

मी हातातलं तोरण बाजूला ठेवलं.

आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "सरकारनेच कायदे सैल करून ठेवलेत. मालक तरी काय करणार?"

"काका, सैल कुणासाठी केले? आमचा साहेब म्हणतो, सरकारचा नियम आहे. पुढारी म्हणतो, ऐकलं नाही तर कंपन्या दुसऱ्या राज्यात जातील. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, घरी मी बसतो." मग कसनुसं हसला. "अर्जुनकाकांना बसमध्ये बसवून मी एकटा आत गेलो, तर आज यंत्रापुढे नारळ फोडायचा मान मात्र मला मिळाला. पर्मनंट लोक बायकापोरांना आणायला गेटवर गेले होते."

हे पुन्हा पेपरात शिरले.

धनेश मान वर करत नव्हता. ही लाज सरकारची की कारखानदाराची, मला ठाऊक नाही. बहुतेक दोघांचीही असावी. पण माझ्याही वाट्याला ती आली. अर्जुनरावांनी विचारलं होतं, "पोरगा पर्मनंट हाय ना, वहिनी?" मी मोरयाला स्मरून शब्द दिला. तो आईला कसा जपतो, किती राबतो, यातलं काही सांगितलं नाही. पर्मनंट म्हटल्यावर आणखी काही सांगायची गरजच मला वाटली नव्हती. आता देवघराकडे बघायचाही संकोच वाटला.

"काकू, तुम्हीच सांगा त्यांना," तो म्हणाला.

"सांगायचं तू. शब्द मी दिला, म्हणून मी बरोबर येते."

"त्यांच्या सईचं नि माझं लग्न मोडतील ते."

"मोडतीलही. पण तिला कळायला हवं."

खाली पडलेला झेंडू उचलून माझ्या हातात देत तो "बरं" म्हणाला.

उद्या सकाळी धनेशला घेऊन चऱ्होलीला अर्जुनरावांकडे जायचं आहे.