खुंट्याभोवतीची माती

दिग्रसच्या नगरपालिकेत कुत्र्यांना पितळी बिल्ले द्यायचं काम माझ्याकडे होतं. अर्जात नाव-पत्ता लिहिला की बिल्ला कोणालाही मिळायचा. तांड्यावरचा एक म्हातारा मात्र आपल्या शिकारी कुत्रीचं पिल्लू असंतसं कोणालाही देत नसे. आधी मागणाऱ्याच्या घरी जायचा, तंबाखू चोळत अंगणात उकिडवा बसायचा, सगळं न्याहाळायचा आणि पाणीही न पिता उठायचा. कुत्रीचं वेत दोन वर्षांतून एकदाच, आणि दीड महिन्याच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही, हे त्याचे कायदे. माझ्या छापील नियमांना कुत्रं विचारत नव्हतं. याच्या तोंडी कायद्यापुढे कापसाच्या जिनचे मालक शेठजी हात जोडून उभे राहायचे. मी जळायचो.

एकदा मीही पिल्लू मागितलं. तो आला, बसला. आमचं जुनं कुत्रं मेल्यापासून रिकाम्या असलेल्या खुंट्याकडे बघत राहिला.

"बाबूजी, तुमाले नाई देत."

"काहून?"

"मातीच सांगून राह्यली ना. खुंट्याभवती हातभर गोल घासला हाये. जलमभर तेवढंच फिरलं ते."

पिल्लू मिळालं आमच्याच कचेरीतल्या चपराश्याला! सदऱ्यात धरून तो बिल्ला न्यायला आला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठेतरी अडवावं म्हणून मी अर्जात नसलेला प्रश्न विचारला.

"दोरी किती हात लांब हाये तुमची?"

त्याने पिल्लू सदऱ्यात नीट सावरलं.

"दोरी कायले, साहेब?"

मी मान खाली घालून शिक्का मारला.