बापूसाहेबांची ताई आणि हरवलेली कॅसेट

ये गं वैशू, जवळ ये. म्हणजे फोन कानाजवळ घे. स्पीकरवर टाकून भांडी घासू नकोस, इकडे मला तुझा नळ ऐकू येतो! शारजा ते अजमान वीस मिनिटं (ट्रॅफिक असला तर दीड तास, मान्य), आणि सख्ख्या मावशीकडे तू शेवटची आलीस ती गणपतीत. असो. सांगायचं ते वेगळंच. आमच्या निखिलने रास अल खोरच्या एका भल्या दुकानदाराला चोर ठरवलं, आणि खरी चोर मी आहे.

मूळ सांगते. निखिल चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. तुझे काका सकाळी सहाला साइटवर जायचे ते अंधार पडल्यावर घरी. समोर नुसती वाळू, शेजारी कोणाशी बोलावं तर भाषा येईना. खालच्या व्हिडिओवाल्याने मला मुलांच्या विलायती कॅसेटी दिल्या. म्हणाला, "ले जाओ भाभी, बच्चे की अंग्रेजी फर्स्ट क्लास हो जाएगी."

बच्चे की झाली असेल, भाभीचं काय? पडद्यावर एक दीपगृह, त्यात निळ्या स्वेटरातला मातीचा गोल बुटका आणि त्याची हंसीण. तो तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलायचा. मला ओ की ठो कळेना! निखिल विचारायचा, "आई, काय म्हणतो तो?" आता आई असून कळत नाही हे कसं सांगायचं? दिलं ठोकून!

मी सांगितलं, हे बापूसाहेब. ही हंसीण गोदाक्का, भारी चोंबडी. आणि बापूसाहेब दुर्बीण लावून बघतात, कारण त्यांची ताई रत्नागिरीहून लाँचने यायची आहे, फणसपोळी घेऊन. प्रत्येक भागाच्या शेवटी दिवा लागायचा आणि मी म्हणायचे, "आज नाही आली. उद्या येईल हं." निखिल मान डोलवायचा आणि मुकाट वरणभात खायचा. दोन वर्षं हेच चाललं. बिचाऱ्या बापूसाहेबांच्या ताईला लाँच काही मिळेना!

तो निखिल आता मुलीचा बाप झाला. त्याला आठवण दाटून आली, आणि रास अल खोरला जुन्या सामानाच्या गोदामात त्याला तोच संच सापडला. सात कॅसेटी, वर प्लेअर. शनिवारी सकाळी नाश्ता बाजूला ठेवून नातीला, मीराला, समोर बसवलं. "बघ हं, हे बापूसाहेब ताईची वाट बघतायत."

मीरा म्हणाली, "बाबा, ही इज काउंटिंग शिप्स."

मला खोकला आला.

"आणि ती गोदाक्का."

"हर नेम इज पेनी!"

"डबिंग बदललंय मेल्यांनी," निखिल म्हणाला. (मी जोरात खोकले.) दुपारपर्यंत सातही कॅसेटी झाल्या. जहाजं मोजून झाली, दिवा पुसून झाला, पण ताई काही येईना. निखिल हट्टालाच पेटला. "शेवटचा भाग होता ना, आई? ताई येते तो! दारात उभी राहते, निळी साडी, हातात डबा. मला स्पष्ट आठवतंय. त्या दुकानदाराने आठवी कॅसेट दाबली!"

यल्ला, निघालीच वरात! मी मागच्या सीटवर. वाटेत दहादा तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगितलं तर लेकाचं बालपणच डुप्लिकेट ठरायचं, आणि तेही मीच बनवलेलं.

दुकानदार खानसाहेबांनी आम्हाला सुलेमानी चहा दिला आणि अख्खं फडताळ खाली काढलं. "जनाब, सात आया, सात दिया. खलास!"

"आठवी किधर है? जिसमें दीदी आती है?"

"कौन दीदी?"

"नीली साडी! हाथ में फणसपोळी का डब्बा!"

खानसाहेबांनी पेला खाली ठेवला. "अंग्रेजों के कार्टून में साडी?"

मीरा म्हणाली, "बाबा, व्हाय वुड शी वेअर अ सारी?"

आणि तिघेही माझ्याकडे बघायला लागले! चहा नको तिथे गेला.

"अरे, ती तुझी सुमामावशी होती," मी म्हटलं.

हो गं वैशू, तुझी आई. तेव्हा एका दुपारी कॅसेट संपून दिवा लागला आणि नेमकी बेल वाजली. दारात सुमा, विमानातून थेट, निळ्या साडीत, फणसपोळीचा डबा घेऊन. निखिल ओरडला, "बापूसाहेबांची ताई आली!" आणि तुझी आई काय कमी? म्हणाली, "आले रे बाबा, लाँच चुकली होती!"

सगळं कबूल केलं. निखिल कपाळाला हात लावून हसला, खानसाहेबांची चारदा माफी मागितली. मग हसू आवरून म्हणाला, "आई, मग तू रोज 'उद्या येईल' कोणाला सांगायचीस?"

"तुलाच की!" मी म्हटलं. (वैशू, तू तरी मला खोटं पाडू नकोस.)

खानसाहेबांनी हळूच विचारलं, "अम्माजी, दीदी कितने दिन रुकी?"

"पंद्रह दिन. व्हिजा उतनाही था."

ती एकदाच आली गं. आता तर तीच राहिली नाही.

हल्ली दुपारी घरात मी आणि एसीचा आवाज. मीरा शाळेतून आली की कॅसेट लावते, टीव्हीचा आवाज बंद करते आणि हुकूम सोडते, "आजी, यू टॉक." मी बोलते. दिवा लागतो. मी म्हणते, "आज नाही आली, उद्या येईल हं." पण ही पोर निखिलसारखी मुकाट जेवत नाही. कालच विचारलंन, "आजी, एक्झॅक्टली व्हेन इज उद्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवार."

तेव्हा या रविवारी ये बाई. डबा रिकामा असला तरी चालेल. पण साडी निळीच नेस, नाहीतर ह्या घरात माझ्या वरणभातावरसुद्धा कोणी विश्वास ठेवायचं नाही!