गाडी पुष्पाबाईंची, काच आप्पांची

अमळनेर तालुक्यातल्या झुलाल आप्पांनी चारचाकी घ्यायची ठरवली, तेव्हा सल्ला विचारला ज्योतिषाला, बायकोला नाही. ज्योतिषी म्हणाला, तुमच्या पत्रिकेत वाहनसुख नाही, मालकिणीच्या आहे. आप्पा पेचात पडले. जीव तर प्यारा, पण मान त्याहून प्यारा! म्हणून त्यांनी एजंटाला दोघांची नावं टाकायला सांगितली. एजंट म्हणाला, "आप्पा, हा काही सातबारा नाही सगळे भाऊबंद चढवायला. गाडीच्या कागदावर माणसाचं एकच नाव बसतं." मग कागदावर पुष्पाबाई बसल्या आणि मागच्या काचेवर, हातभर अक्षरांत, 'झुलाल आप्पा'.

तेव्हापासून आप्पा चौकात सांगत सुटले, "गाडी घरनी लक्ष्मीना नाववर शे." लक्ष्मी घरी चुलीपुढे भाकरी थापत होती. पुढची सीट आप्पांच्या मित्रांची. पुष्पाबाईंना मागे जागा, तीही लग्नसराईत, मांडीवर आहेराच्या पिशव्या घेऊन. मालकीणपणाचा प्रसाद त्यांना एकच मिळाला. चारचाकी नावावर दिसली आणि लाडक्या बहिणीचे पैसे बंद झाले. त्या पैशांसाठी आधारला जोडलेला स्वतःचा मोबाइल तेवढा हातात राहिला.

त्यांना हवं होतं तरी काय? धुळ्याजवळच्या माहेराहून आईला आपल्याकडे आणायचं. भावांच्या घरात म्हातारी नकोशी झाली होती आणि एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. वर्षभर पुष्पाबाई विनवत होत्या. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "डोकरी उलटी करी, बठ्ठी सीट खराब व्हई." सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून या गृहस्थाने काढलेलं नव्हतं! पुष्पाबाईंना या उत्तराचा मनस्वी संताप यायचा, पण त्या गिळून टाकायच्या.

मग ज्योतिषाने सांगितलं, ग्रह पालटले, आता वाहन खुशाल स्वतःच्या नावावर घ्या. आप्पा हरखले. ही गाडी देऊन मोठी घ्यायची, तिच्या कागदावरही आपण आणि काचेवरही आपणच. सही लागणार म्हणून पुष्पाबाईंना जळगावला शोरूममध्ये नेलं. तिथे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना आधी खुर्ची दिली आणि आप्पांना नंतर. मॅनेजर म्हणाला, "ताई, गाडी तुमच्या नावावर आहे. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा."

आप्पांनी मोबाइलसाठी हात पुढे केला. पुष्पाबाईंनी तो पदराखाली घेतला.

"पहिले मन्ही मायले लई येऊत," त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग दखूत."

आप्पा मॅनेजरकडे पाहून हसले, मग बायकोकडे पाहून डोळे वटारले, मग पुन्हा हसले. मॅनेजर म्हणाला, मालकीण नाही म्हणतात तर आमचाही इलाज नाही. अडला हरी! आप्पांनी गाडी काढली ती थेट धुळ्याच्या रस्त्याला. पुष्पाबाई पुढे बसल्या, कुणाला न विचारता.

येताना म्हातारीने पारोळ्याच्या अलीकडेच उलटी केली. आप्पांनी निमूट गाडी थांबवली, स्वतः फडकं फिरवलं, वर "काही हरकत नाही, सासूबाई" असंही म्हणाले. ओटीपी अजून मिळायचा होता ना!

घरी पोचल्यावर त्यांनी लगेच विषय काढला. पुष्पाबाईंनी आधी आईची खाट ओट्यावर टाकली, उशी ठेवली, पाणी दिलं.

"माय आता आठेच ऱ्हाई," त्या म्हणाल्या, "तिले दवाखानामा लई जावाले गाडी लागी. इकनी नही."

गाडी विकणं बारगळलं; आप्पांनी ज्योतिषाच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुसऱ्या दिवशी चौकात पुढच्या सीटचा मानकरी मगन नेहमीच्या तोऱ्यात म्हणाला, "आप्पा, सांजले चोपड्याले लगीन शे, काढा गाडी."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"घरमा इचारीसन सांगस," ते म्हणाले.