ओडेलसाठी एक मिनिट

वर्नेल गॅड्सडनने मेम्फिसमध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिने आठवणी लिहून काढल्या: नवरा ओडेल, त्याची होडी, गळातून निसटलेले मासे आणि दर खेपेला वाढत जाणारी त्यांची लांबी. वाचताना मी इतका हसलो की शेजारणीने भिंत ठोकली.

आमच्या वाचनालयाने काळ्या लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला होता. तीन परीक्षकांतला एक मी. चर्चमधली ओळख, म्हणून तिने वही आधी मला दाखवली. मीही लगेच विद्वान झालो. म्हटलं, सिस्टर, सगळं झकास आहे, पण यात दुःख कुठाय? आपल्या काळ्या माणसांच्या पुस्तकात लोक आधी तेच शोधतात.

"आलं होतं की, ब्रदर क्लीव्हन," ती म्हणाली. "मी त्याला ये, बस असं म्हटलं नाही, एवढंच."

मी चष्मा पुसत नुसता हुंकार भरला.

वही स्पर्धेत आली तेव्हा पाचव्या प्रकरणात ओडेल नदीत बुडालेला. बाकीचे दोघे परीक्षक परगावचे. वाचून रडले बिचारे. विभाग खऱ्या आठवणींचा होता, आणि आदल्याच रविवारी ओडेलने मला चर्चच्या दारात दोन्ही हात पसरून मासा दाखवला होता. तरी मी गप्प बसलो. साहित्यात एवढं चालतं, अशी स्वतःची समजूत घातली.

समारंभाला ओडेल तपकिरी सूट घालून माझ्या शेजारीच. वही त्याने वाचली नव्हती, ऐकूही कमी येतं. अध्यक्षबाईंनी वर्नेलला पुरस्काराचं मानचिन्ह दिलं आणि लेखिकेच्या दिवंगत पतीसाठी मिनिटभर उभं राहायला सांगितलं. सगळे उठले, तोही उठला, हॅट छातीशी धरून. मग माझ्या कानाशी लागला, "कोण गेलं रे?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

मिनिट पुरं व्हायच्या आत वर्नेल माइकपाशी आली. "बसा सगळे. माझा नवरा तो काय, तिथे उभा आहे. बुडाला ते मी खोटं लिहिलं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, का? वर्नेलची नजर माझ्यापर्यंत आली आणि पुढे सरकली.

"हाव सुटली," ती म्हणाली, आणि मानचिन्ह टेबलावर ठेवून खाली उतरली.

ओडेलला सगळं ओरडून सांगावं लागलं. त्याने थोडा विचार केला. "बुडवलंस ते बुडवलंस," तो म्हणाला, "पण त्याआधी मासा तरी मिळाला होता का मला?"

सभागृह हसलं. मी बुटांकडे बघत बसलो.

तिने माझं नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दर रविवारी बाकावर सरकून माझ्यासाठी जागा करते. मी गुडघ्याचं निमित्त सांगून दारापाशी बसतो.